पाण्याला विचारणारा मिस्त्री

"पाण्याला विचारलंत काय?" कुठलाही नकाशा समोर ठेवा, त्याचा पहिला प्रश्न हाच. उत्तराची वाट न बघता तो नाकात तपकीर कोंबायचा. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बसल्याजागी सगळ्यांना मूर्खात काढणारी.

तिकडे दक्षिणेत, एग्मोरच्या आमच्या कचेरीत खाणींचे शाफ्ट, म्हणजे शेकडो फूट खोल उभ्या विहिरी, कागदावर खोदले जात. हा तंजावरचा मराठी मिस्त्री ते खरोखर खोदायचा. सुरुंग लावायचे, दगड उपसायचा, कडेनं काँक्रीटचं अस्तर द्यायचं. महिन्यातून एकदा नकाशांवर सही करायला यायचा आणि साहेबांच्या गालिच्यावर चिखल ठेवून जायचा.

मी एकोणीस वर्षांची ट्रेसर. नकाशावर पारदर्शक कापड पसरून शाईनं गिरवायचं, एवढंच काम. दिमाख मात्र असा, की पृथ्वीचं पोट मीच घडवलं!

"मिस्त्री, तुमची मराठी शिवकालातली हो," मी खिदळायची.

"असंल गे. तुझी कालची, तरी तीत अक्कल दिसंना."

एका नकाशात अस्तरावर बारीक ठिपके होते. मला वाटलं, शाई उडाली. मी ते गाळले आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश झाले. मिस्त्रीनंही "हात बरा आहे गे तुझा" म्हणत न तपासता सही ठोकली. आयुष्यात एकदाच माझ्यावर विश्वास टाकला, तोही असा.

ते ठिपके म्हणजे दगडातलं पाणी निचरायची भोकं होती! ती नसल्यानं अस्तरामागे पाणी तुंबलं, भिंत फुगली. मिस्त्रीनं सगळ्यांना वर काढलं, एकटा दोराला टांगलेल्या मोठ्या बादलीत बसून खाली गेला आणि भोकं पाडली. पाण्याच्या पहिल्याच झोतानं त्याचा खांदा निखळला.

साहेबांनी कचेरीत सगळ्यांसमोर विचारलं, "ठिपके कोणी गाळले?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सही माझी आहे, सार. मी बघितलो नाही."

आणि पृथ्वीचं पोट घडवणारी मी? पेन्सिलीला टोक काढत होते. बोटभर पेन्सिल संपवली.

त्याला कामावरून काढलं. निघताना माझ्या टेबलाशी थांबला. "कळलं नाही तं विचारायचं गे. लाज कसली?"

मी म्हटलं, "बरं." बघा अक्कल! माफी नाही, काही नाही. बरं!

मग खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर तो एका हातानं पत्र्याची ट्रंक उचलू बघत होता. ती उठत नव्हती. पुन्हा वाकला, पुन्हा नाही. मी पहिल्या मजल्यावर उभी होते. खाली जायला अठरा पायऱ्या होत्या.