थोरल्या मालकांचे तेज आणि ट्रेलरचा ब्रेक

अर्जदार : गौतम सोनकांबळे, ट्रेलरचालक, राहणार तालुका बिलोली. गैरअर्जदार : ट्रेलरचे मालक, ज्यांना सर्व जण शेठ म्हणतात. ठिकाण : औशाच्या अलीकडचा उतार. काळ : दसरा होऊन दिवाळी यायच्या आत, भर दुपारी. साक्षीदार : शेवंताबाई, जिची चहाची टपरी ट्रेलरखाली गेली आणि जी हापशावर भांडी घासत होती म्हणून वाचली. लेखक : मी, परिवहन कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून अर्ज लिहिणारा. शिक्षण नववी, परंतु माझा मसुदा आजवर एकाही साहेबाने परत फेकलेला नाही.

गौतम माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या हातात नोटीस होती. बेदरकारपणे ब्रेक मारून ट्रेलर आडवा केला, सबब लायसन्स रद्द का करू नये, असा मजकूर होता. जड वाहनाचे ते लायसन्स म्हणजेच त्याचे घर.

"काका, म्हैस आडवी आली. म्या ब्रेक दाबला. घोडा सरळ ऱ्हायला अन् मागचा ट्रेलर फिरला."

घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारा, इंजिन असलेला पुढचा भाग.

"शेठ काय म्हणतो?"

"म्हणतो, माझ्या गाडीला एबीएस हाय. खोट तुझ्या पायात हाय. कामावरून काढलं मला."

एबीएस म्हणजे काय, हे मी फिटनेसचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो आहे. जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होते. जाम चाक फिरत नाही, नुसते घसरते. आणि ट्रेलरची चाके घसरली की मागचा भाग दाराच्या फळीसारखा उघडतो. हे होऊ नये म्हणून चाकाजवळ सेन्सर असतो. चाक जाम होऊ लागले की तो कळवतो, व्हॉल्व्ह ब्रेकची हवा क्षणभर सोडतो आणि पुन्हा भरतो. सेन्सरची वायर तुटली तरी साधा ब्रेक लागतोच. चाक जाम न होण्याचे संरक्षण मात्र मुकाट्याने जाते. ते कळावे म्हणून चालकासमोर पिवळा दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो लागून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला, तर दोष आहे.

मी म्हणालो, गाडी पाहिल्याशिवाय मी अक्षर लिहिणार नाही. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती, तिथे आम्ही केबिनमध्ये चढलो. मीटरच्या काचेवर फेटेवाल्या गृहस्थांचा फोटो चिकटवलेला होता. गौतमने चावी फिरवली. गृहस्थांच्या डोक्यामागे पिवळा उजेड पडला आणि तो पडलेलाच राहिला.

"हे कोण?"

"थोरले मालक. शेठचे वडील. दसऱ्याच्या पूजेला शेठनं सोता चिकटवलं."

"आणि उजेड?"

"लायटिंग केली असंल. समदे पाया पडून राहिले, काका."

फोटो सोलून काढायला मी नख पुढे केले.

"नका काढू, काका! नोकरी जाईल!"

"ती गेलीच आहे, बाबा."

तरीही मी फोटो काढला नाही. ते काम साहेबांनीच करावे, अशी अर्जात विनंती केली.

सुनावणीच्या दिवशी गाडी कचेरीच्या मैदानात उभी होती. निरीक्षक साहेब केबिनमध्ये, शेठ पायरीवर, मी, गौतम आणि शेवंताबाई खाली. साहेबांनी चावी फिरवली, उजेड पडला आणि मी एक प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली.

"शेठ, फोटोमागचे हे तेज केव्हापासून?"

शेठने हात जोडले. "दसऱ्यापासून. फोटो लावला अन् दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या डोक्यामागं उजेड पडला. ड्रायव्हर लोक दर्शन घेतल्याबिगर स्टार्टर मारत न्हाईत."

"म्हणजे अपघाताच्या आधीपासून?"

"हाव मग! विश्वास न्हाई का तुमचा?"

"पूर्ण विश्वास आहे. साहेब, हे नोंदवून घ्यावे."

साहेबांनी फोटो सोलला. खाली ट्रेलरचे चित्र आणि पिवळा दिवा. शेठचा चेहरा उतरला. "अपघातात तुटली असंल वायर," तो पुटपुटला.

मागून शेवंताबाई कडाडली, "दसऱ्यापासून म्हन्लास न्हवं? माझी टपरी बापाच्या पायाशी घातलीस व्हय रं?"

ट्रेलरखाली सेन्सरची वायर घासून तुटलेली निघाली. तुटलेल्या टोकांवर जुना चिखल वाळलेला होता.

नोटीस मागे घेतली गेली. गौतम आता हिमायतनगरकडे दुसऱ्याची गाडी चालवतो. शेठला समज देण्यात आली. फक्त समज! ज्याने दोषाच्या दिव्यावर बाप चिकटवला त्याला समज, आणि ज्याने ब्रेक दाबला त्याला नोटीस. शेवंताबाईला तर काहीच नाही.

परवा तोच ट्रेलर माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी पायरीवर चढून पाहिले. तोच फोटो, तीच जागा, तोच उजेड. नवा चालक हात जोडत होता. मी त्याला खरे सांगितले. तो म्हणाला, "असंल काका, पण शेठला कोण सांगनार?" आणि त्याने स्टार्टर मारला.

मी तडक कचेरीच्या खिडकीवर गेलो. लिपिक म्हणाला, "गाडी तुमची न्हाई, ड्रायव्हर तुम्ही न्हाई. तुमचं काय बिघडलं?"

एवढे अर्ज लिहून मी इतकेच शिकलो की धोक्याचा दिवा वेळेवर लागतो. त्याच्याकडे बघणे कोणाच्या कामात बसत नाही.

सबब विनंती की, सदरहू फोटो चालकाने काढावा, मालकाने की कचेरीने, याचा लेखी खुलासा मिळावा. नव्या चालकाचे नाव मला ठाऊक नाही. ते एखाद्या अर्जावर लिहिण्याची वेळ माझ्यावर येण्यापूर्वी हा खुलासा मिळावा.