खसखशीची बाजू

वहिनी खसखशीवर अनारसे थापून तळत होती आणि आतल्या खोलीत आत्या कण्हत होती. तिचा कर्करोग आता हाडांत उतरलाय. ताटलीतली खसखस बघताना मला सकाळचा औषधवाला आठवला. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय म्हटल्यावर तो म्हणाला, "आम्ही नाही ठेवत. परवान्याची कटकट कोण करणार?"

खसखस आणि मॉर्फिन, दोन्ही अफूच्या एकाच बोंडातली. दाणे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, ज्यापासून मॉर्फिन बनतं तो चीक मात्र कुलपात. हाच चीक एके काळी मुंबईच्या बंदरातून पेट्या भरभरून चीनला जायचा. इकडे सरकारी ठेक्यावर खुलेआम मिळायचा, कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना त्याची गोळी चाटवायच्या. त्यापायी घरंच्या घरं बुडाली. मग अफूबंदीचा कायदा आला, आणि तो यायलाच हवा होता. पण आधी कुणालाही विकणारं सरकार नंतर इतकं बिचकलं, की दुखणाईतसुद्धा दाराबाहेरच राहिला. नशेबाजाला गल्लीत हवं ते मिळतं. अडते ती माझी आत्या.

"अनारसा उलटू नकोस गं," आतून तिचा आवाज आला, "खसखस करपेल. वरून तूप उडव."

एवढ्या दुखण्यातही तिचं लक्ष कढईवर! आणि ती नको म्हणते नेमकं तेच आपण अफूच्या बाबतीत केलं, एका बाजूनं जळालं म्हणून सरळ उलटं करून टाकलं.

मी चप्पल घातली. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात मॉर्फिन मिळतं म्हणतात. तिथं नाही तर पुढच्या गावी.

"एक अनारसा तिच्यासाठी ठेव," मी वहिनीला म्हटलं. "मी आल्यावर खाईल ती. न कण्हता."