पदू आजाचं मिठागर आणि यमूआजीची कोंबडी

चहा संपेपर्यंत सांगून होईल, ऐका. एकच अट, आमच्या हेडमास्तरांसमोर विषय काढायचा नाही. रिटायर झालेत, पण विसरलेले नाहीत!

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा साताऱ्याकडचा, कळंबोलीच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. शाळेच्या स्मरणिकेत परिसराचा इतिहास हवा होता आणि इतिहासाच्या बाई नेमक्या रजेवर. हेडमास्तर म्हणाले, "निकम, तुम्ही लिहा. चांगला झाला तर स्टेजवर शाल-श्रीफळ!"

झालं! आजवर मला खडूचा डबासुद्धा कुणी मानाने दिला नव्हता. शाल म्हटल्यावर मी पाघळलोच.

नावड्याच्या पलीकडे एक जुनं गाव आहे. नाव विचारू नका, मला अजून त्याच रस्त्याने जावं लागतं. रविवारी स्कूटर काढली, काखेत जाडजूड रजिस्टर, खिशात मोजायची टेप. पोचल्या पोचल्या काय केलं? गावची विहीर मोजली! गणिताचा माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मग ओट्यावर बसलेल्या जोमा पाटलांना विचारलं, "आजोबांचं नाव काय? जमीन कुठे होती? मुलं किती?"

आता सांगा, यात माझं काय चुकलं?

पाटलांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. "लिवा साएब. आजा पदू. दोन पोरं. खारीला जरासा मिठागर व्हता."

इतिहासाबद्दल काय ही आस्था! माझा ऊर भरून आला.

पुढच्या रविवारी ओट्यावर रांग लागली. पदू आजाची पोरं दोनाची पाच झाली. "इसरलू व्हतू साएब!" तिसऱ्या रविवारी आठ झाली आणि मिठागर खाडी ओलांडून तळोज्याला टेकलं. हाच पदू आजा आणखी तीन घरांत निघाला, प्रत्येक घरी वेगळ्या बायकोसह. मी बायकोला म्हटलं, "गावाच्या आठवणी जाग्या होतायत!" ती म्हणाली, "तुमची कधी होणार? रॉकेल आणायला सांगितलं होतं."

सगळ्यांची मिठागरं एकत्र केली असती, तर समुद्राला जागा उरली नसती. आणि मी गणिताचा मास्तर, बरं का!

चौथ्या रविवारी यमूआजीने जेवायला थांबवलं. एकटी म्हातारी, घर एका खोलीचं. तांदळाची भाकरी, कोंबडीचा झणझणीत रस्सा. "गरिबाचा बी नाव लिव रं बाबा." मी तिच्या सासऱ्याला अर्धं पान दिलं आणि रस्सा दोनदा घेतला.

हात धूत होतो, तेवढ्यात जोमा पाटील कानाशी आले. "साएब, आमचा पलाट रोडला लावा हां."

"कसला प्लॉट?"

"कसला म्हंजे? साडेबाराचा!"

पोटातली कोंबडी फडफडली हो माझ्या! नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्या होत्या आणि बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट मिळायचे होते. टेप आणि रजिस्टर घेऊन साहेब कधी येतो, याची गाव वर्षानुवर्षं वाट बघत होतं. आणि आला कोण? मी!

"अहो, मी मास्तर! शाळेसाठी इतिहास लिहितोय."

जोमा पाटलांनी विचारलं, "म्हंजे पलाट नाय?"

"नाही."

"मंग खोरून टाका त्यो समदा लिवलेला! कंचा मिठागर? आजा जलमभर दुसऱ्याचे मिठागरान मीठ वढीत व्हता. पाय फाटून गेलते त्याचे."

हा खरा इतिहास होता. तो लिहून घ्यायला हवा होता. पण मी तेव्हा चपला शोधत होतो.

यमूआजी दारात आडवी आली. "मास्तर, माझा सासरा खोटा, मान्य. पन कोंबरी खरी व्हती. अंड्याची व्हती."

लाज वाटली, खरंच सांगतो. पुढच्या रविवारी पनवेलच्या बाजारातून दोन कोंबड्या नेऊन दिल्या. तिने घेतल्या, पण ‘बस’ म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी रजिस्टर चाळलं. शाल टेबलावर घडी घालून तयार होती.

"वा निकम, तीस पानं! आता मला सांगा, यातल्या एका तरी गोष्टीला पुरावा आहे?"

"एकीला होता, सर."

"मग कुठे आहे?"

"खाल्ला."