हॉस्टेलमधली तीनशे बारा नावं

मतदानाच्या दिवशी सकाळी बाइंडिंगवाल्या बाई रांगेत चौथ्या होत्या. हात दोनदा घासूनही नखांच्या कडांना खळ चिकटलेली राहिलीच होती. टेबलामागच्या बाईने यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मान हलवली. नाव होतं, पण त्यावर आडवी रेघ होती. पुढे शेरा होता: कायमचे स्थलांतर.

"अहो, मी कुठे गेले? समोरचं ते दुकान माझं. वरच्या दोन खोल्यांत तेवीस वर्षं राहतेय मी."

टेबलामागच्या बाईचाही नाइलाज होता. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही. मागचे लोक पुढे सरकले आणि बाई भरल्या रांगेसमोरून, न केलेल्या चोरीचा ठपका घेतल्यासारख्या, बाहेर आल्या.

नाव आपोआप गळत नाही, कुणीतरी हरकत घ्यावी लागते, हे त्यांना नोंदणी कार्यालयात कळलं. हरकतीच्या अर्जाची नक्कल मिळायला तीन आठवडे लागले. खालची सही बघायला मात्र एक क्षण पुरला. ती सही त्यांच्या सख्ख्या दिराची होती.

दीर दुसऱ्यांदा वॉर्डातून निवडून आलेला. कॉलेजच्या फाटकासमोरची ती दुकानाची जागा दोघा भावांच्या नावावर होती, आणि बाईंचे यजमान गेल्यापासून दिराला तिथे आपलं कार्यालय हवं होतं. जागा सोडायच्या कागदावर बाई सही करेनात. मग वहिनी इथे राहतच नाहीत, माहेरी गेल्या, असं कागदोपत्री ठरवायचा त्याने घाट घातला होता. मतदार यादी ही त्याची पहिली पायरी.

बाई नक्कल घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याने कागद हातातही घेतला नाही.

"वहिनी, तुमचं एक मत नव्हतं म्हणून माझं काही अडलं का? एकशे सत्तरने आलोय मी."

बाई परतल्या. त्या दिवशी पुठ्ठे कापताना मशीनचं पातं त्यांनी इतक्या जोराने ओढलं, की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला.

स्वतःचं नाव परत लावायला त्यांना नोंदणी कार्यालयात सात हेलपाटे घालावे लागले. नाव लागलं, जागाही वाचली, राग मात्र जागचा हलला नाही. सातव्या खेपेला बाकावर ताटकळताना समोरच्या भिंतीवरची सूचना त्यांनी वाचली. शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आपल्या गावी किंवा शिकतो त्या ठिकाणी नाव नोंदवता येतं. मात्र दोनपैकी एकाच ठिकाणी. बाईंनी ती सूचना तीनदा वाचली. दुकानामागे कॉलेजची दोन हॉस्टेलं होती, दोन्ही दिराच्या वॉर्डात. सहाशे पोरं, आणि मतदानाच्या दिवशी त्यांतलं एकही रांगेत नसे. दिराने त्यांना कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

बाईंकडे एक गोष्ट होती जी कुठल्याच उमेदवाराकडे नव्हती. वर्षातून एकदा प्रत्येक पोराला प्रकल्पाचा अहवाल बांधून घ्यायला त्यांच्या दारात यावंच लागे, आणि तेही शेवटच्या दिवशी, तोंडचं पाणी पळालेलं असताना. खळ सुकेपर्यंत थांबणं भाग. पुढच्या निवडणुकीच्या वर्षी बाई स्टूल पुढे करू लागल्या, आणि अर्जही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अर्ज भरणाऱ्याला बाइंडिंगमध्ये सूट दिली. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक उंच मुलगी अर्ज भरता भरता थांबली. ही लाच झाली, असं तिने तोंडावर सांगितलं. बाईंनी सूट तिथल्या तिथे बंद केली आणि मुलीचं नाव वकीलबाई ठेवलं. कुणाला मत द्या हे पोरांना सांगायचं नाही, हीसुद्धा तिचीच अट. ती पाळणं बाईंना फार जड गेलं. दिराचं नाव कितीदा तरी जिभेवर यायचं आणि गिळावं लागायचं.

अर्जाला जन्मतारखेचा दाखला, फोटो आणि हॉस्टेलच्या रेक्टरचं पत्र लागे. गावच्या यादीत आधीच नाव असलेल्यांना ते इकडे हलवून घ्यावं लागे. वकीलबाई एकेक अर्ज तपासे. दिराला वचकून रेक्टर पत्रावर सही करायला चालढकल करू लागला, तेव्हा बाई तीन दुपारी तयार पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्याच्या खोलीबाहेर बसल्या. चौथ्या दिवशी त्याने पेन उघडलं. मुदत संपायच्या आत तीनशे बारा अर्ज जमा झाले.

मग दीर जागा झाला. त्याने तीनशे बाराच्या तीनशे बारा नावांवर हरकत घेतली आणि सुनावणी नेमकी परीक्षेच्या आठवड्यात लागली. वकीलबाईने लेखी विनंती करून पेपर सुटल्यानंतरच्या दोन दुपारी मागून घेतल्या. दोनशे शहाऐंशी पोरं आली, काहींच्या बोटांना अजून शाई होती. अधिकारी प्रत्येकाला एकच विचारत होता, झोपता कुठे? आणि प्रत्येक जण खोलीचा नंबर सांगत होता.

"ही पाखरं आहेत साहेब," दीर म्हणाला. "शिकली की उडून जाणार."

"जातील तेव्हा नावं काढू. आज ती इथे राहतात," अधिकारी म्हणाला आणि पुढच्या अर्जाकडे वळला. आलेल्या सगळ्यांची नावं राहिली.

दिराने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर बाई बसल्या होत्या. तो जिन्यात त्यांना आडवा आला.

"वहिनी, हे सगळं तुम्ही माझ्यावर सूड म्हणून करताय."

"हो," बाई म्हणाल्या. "पण माझ्या अर्जांत एकही खोटं नाही भावोजी. तुमच्या अर्जात होतं."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली, आणि बाई ती डोळे भरून बघत जिना उतरल्या.

मतदानाच्या दिवशी हॉस्टेलची रांग फाटकापर्यंत आली होती. दीर चौऱ्याण्णव मतांनी पडला. पोरांनी काय केलं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. एकाने तर आपण होऊन येऊन सांगितलं, की त्याने मत दिरालाच दिलं, कारण अभ्यासिकेचं आश्वासन त्यानेच दिलं होतं. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस त्यांनी त्याचा अहवाल शिकंज्यात तसाच दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी बांधून दिला, टाके नेहमीसारखेच घट्ट.

निकालानंतरच्या सोमवारी दिराच्या घराखालच्या कार्यालयावरची पाटी काढायला सुतार आला. बाईंनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने जाऊ बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. एवढं झालं, आता तरी समाधान झालं ना, असं तिने विचारलं. हिने आपलं काही वाईट केलं नव्हतं, हे बाईंना ठाऊक होतं, आणि क्षणभर त्यांना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. त्यांनी ठेवला नाही.

"अजून दोन खिळे राहिलेत," बाई म्हणाल्या, आणि पाटी खाली येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या.