मिलिंदचे मणी आणि माझं बोट

आधीच हसू नका. घोळ मीच घातला, आणि तोही चांगल्या मनानं. हेच तर माझं दुखणं!

माझा धाकटा भाऊ मिलिंद संशोधक आहे. एका प्रयोगशाळेतल्या जागेसाठी त्याची ऑनलाइन मुलाखत होती. मागची मुलाखत हॉस्टेलवरचं नेट गेल्यानं हुकलेली, म्हणून यंदा तो येडशीला आमच्याकडं आला. मी आपलं विचारलं, तिथं करणार काय?

"ताई, यात्रेत गर्दी असते. एकट्या माणसात असते का? काहीजण म्हणतात, गुरुत्वाकर्षणही तसंच. मुळात नाहीच, पुष्कळांच्या गर्दीतून उपजतं."

हे तपासायचा प्रयोग क्वांटमचा. काचेचे दोन अतिसूक्ष्म मणी निर्वात पेटीत ठेवायचे, प्रत्येक मणी एकाच वेळी दोन ठिकाणी! नुसत्या एकमेकांच्या ओढीनं त्यांचं नशीब गुंफलं, तर ती ओढ मुळातलीच. नाही गुंफलं, तर गर्दीवाल्यांचं पारडं जड. मात्र मध्येच कुणी डोकावलं, की खेळ मोडला.

"म्हणजे आमच्या ओजससारखं," मी म्हटलं. ओजस माझं तान्हं. झोपला की श्वास चालू आहे ना, म्हणून मी त्याच्या नाकाखाली बोट धरते. आणि तो उठतो.

"मुलाखतीपुरतं तेवढं बोट आवर, ताई."

त्या सकाळी ओजस झोपला, मिलिंद लॅपटॉपपुढं बसला, आणि मी शेजारच्या सगुणामावशींकडं गेले. जागरणानं डोळे लाल. हळूच म्हटलं, "मावशी, मिक्सर लावू नका. आपला मिलिंद…" तेवढ्यात जांभई आली. ती मी पदरात दाबली.

थोड्या वेळानं बघते तर काय, अंगणात सगळी गल्ली! चपला काढून, माना खाली घालून गप्प बसलेली. माझा ऊर भरून आला. भावासाठी किती करतात माणसं!

इतकी शांतता, की मलाच भीती वाटली. ओजस एवढा गप्प कसा? बोट गेलंच.

ओजसनं भोकाड पसरलं. ते ऐकून बाहेर मावशींनी हंबरडा फोडला, "मिलिंदा, लई लवकर गेलास रं लेकरा!"

मिलिंद खिडकीत आला. "मावशी, मी हाय अजून."

"मग ही पोरगी पदर तोंडाला लावून का आली व्हती?"

लॅपटॉपवरून मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी सगळं ऐकलं होतं. मिलिंद शांतपणे म्हणाला, "मॅडम, मुळात कुणी गेलेलं नाही. सुतक गर्दीतून उपजलं." त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

जागा मिळाली त्याला. प्रयोगशाळा जमिनीखाली आहे, जराही धक्का लागू नये म्हणून. परवा सगुणामावशींना ती प्रयोगशाळा बघायला यायचं आमंत्रण देऊन गेला.

मला म्हणाला, "ताई, तुला फोटो पाठवतो."