चंद्राचा सातबारा

सातारा स्टँडवर एसटीत चढलो तेव्हापासून माझ्या काखेतल्या लांबड्या पिशवीवर सगळ्यांचा डोळा होता. कंडक्टरनं ती चाचपलीच. "बंदूक न्हाई न्हवं?"

"दुर्बीण आहे हो. चंद्र बघायला चाललोय."

"मग साताऱ्यात चंद्र उगवत न्हाई व्हय?"

उगवतो की! पण शेजाऱ्यानं माझ्या गच्चीपुढं तीन मजले चढवलेत. हे त्याला सांगून काय उपयोग? मी विट्याचं तिकीट मागितलं.

विट्यात उतरून वडापनं (खच्चून भरलेली जीप) पुढच्या माळावर पोचलो. उघडंबोडकं रान, कडेला पवनचक्क्या, आणि वर आभाळच आभाळ. अष्टमी होती. दुपार कलताना चंद्र पूर्वेला फिकट दिसत होता. मी खुशीत तिपाई उभी केली, तोच मेंढरं हाकत एक म्हातारी आली आणि तिपाईच्या पायांशी फतकल मारून बसली. जनाक्का तिचं नाव.

"उचल रं ह्ये."

"मावशी, मी फक्त बघणार आहे."

"मागल्या बारीला आल्याली पवनचक्कीवाली बी 'फक्त बघतो' म्हनत हुती. अशीच तिपाई हुती. मोजून गेली आन् निम्मा माळ तारंच्या आत गेला. एवढी पट्टी उरलीया. ही बी गेली तर मेंढरं काय डोस्क्यावर चारू?"

तरी तिनं किटलीतलं माडगं (हुलग्याच्या पिठाची गोड पेज) मला दिलं. एवढ्या संशयात पाहुणचार कशाला, हा संशय मला आला. पण भूक लागली होती. पिऊन वळतो तर दुर्बिणीचं डोळ्याला लावायचं भिंग गायब!

"मावशी, भिंग?"

"कनवटीला हाय," ती बिनदिक्कत म्हणाली. "आदी मी बघनार. तू काय मोजतुयास त्ये कळू दे."

झक मारत तिच्याकडून भिंग घेऊन बसवलं आणि चंद्र लावून दिला. तिनं एक डोळा भिंगाला लावला, दुसरा माझ्यावर ठेवला. मग हळूहळू तो दुसराही मिटला.

"आगं बया! लय खड्डं हायती. कुनाचा ह्यो माळ?"

"कुणाचाच नाही."

"सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

"त्याला सातबारा नसतो, मावशी."

तिनं डोळा काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली बघायला लागलो.

"मग गेला म्हन की त्यो. तुज्यागत मानसं तिपाया लावून बसल्यात."

आकाशाकडे बघताना माणसाला आपण मुंगीएवढे वाटतो म्हणतात. मला मी मोजणीदार वाटायला लागलो. इतकी वर्षं मी या चंद्राला आपला म्हणत आलो, आणि त्याचं आमच्यापासून काय होईल याची काळजी पहिल्यांदा जनाक्कानं केली. फार वाईट वाटलं. तिपाई घडी केली आणि उजेड आहे तोवर सडक गाठली.

साताऱ्यात परतल्यावर आकाश बघणारे आमचे मित्र घरी जमले. दोन गाड्या काढू म्हणाले, फोटो काढून सगळीकडे टाकू. जागा नेमकी कुठली?

"काही अर्थ नाही रे," मी म्हणालो. "बारा महिने ढग असतात तिथं."