दातातलं काढायचं

तुम्हाला म्हणून सांगते, वेंधळेपणात माझा हात धरणारं औरंगपुऱ्यापासून छावणीपर्यंत कुणी सापडायचं नाही. आणि हा हात वस्तूंची डिझाइनं काढणारा हात आहे, बरं का!

सुरुवात आमच्या सासूबाईंपासून. जेवण झालं की बांगडीतली सेफ्टी पिन काढायच्या आणि दात कोरत बसायच्या. हिरड्यांतून रक्त! डॉक्टरांनी दात साफ करायचा दोरा दिला, पण तो बोटांना गुंडाळायचा, आणि त्यांची बोटं संधिवातानं आखडलेली.

मग मी पेटले. जाडजूड मूठ, टोकाला दोन शिंगं, शिंगांमध्ये ताणलेला दोरा. मुठीत धरा, दातांत फिरवा. झालं!

पण चिकलठाण्यात ज्यांच्याकडं याचा लोखंडी साचा करायचा होता, ते रहीमभाई म्हणाले, "मॅडम, लोखंड एकदा कापलं की कापलं. पहले बायकांना वापरू द्या. पसंत पडलं तरच साचा."

बायका कुठं मिळणार? संगीताच्या पार्लरमध्ये! बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी हातानं बनवलेल्या नमुन्यांची पिशवी तिच्यापुढं टेकवली. "दातात अडकलेलं काढायचं यानं. तू वापर, बाकीच्यांनाही दे." आणि पळाले.

आता सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे?

आठवड्यानं तिचा फोन. "ताई, लई भारी वस्तू हाय! सगळं निघतं. केससुद्धा!"

केस? दातात? म्हटलं, पार्लर आहे, उडत असतील.

"फक्त आधी शाम्पूत भिजवायचे. मग मळ लवकर सुटतो."

शाम्पूत? मग माझी ट्यूब पेटली. कवळी! कुणा आजीबाईंची कवळी असणार. वा, म्हणजे कवळीवालेसुद्धा आपले गिऱ्हाईक!

"पण ताई, माझ्याचा एक दात तुटला."

"अगं बाई! डॉक्टरकडं गेलीस का?"

"दातासाठी? तुम्ही पण ना, ताई!" आणि खो खो हसली. "जुनाच होता. जाऊ द्या."

काय सोशीक बाई! मला तर भरूनच आलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन थेट रहीमभाईंच्या वर्कशॉपात. तिनं वापरलेले नमुने टेबलावर मांडले. मी ऐटीत त्यातलाच एक उचलला. "बघा रहीमभाई, असा धरायचा, असा आत घालायचा..." आणि घातला!

"ताई!" संगीता किंचाळली. "तोंडात काय घालताय? त्यानं आत्ता कंगवे साफ करून आलेय मी!"

कंगवे! कंगव्याचे दात!

जिभेवर मेंदी, खोबरेल तेल आणि कुणाकुणाचा कोंडा, देवालाच ठाऊक! रहीमभाईंनी पाण्याचा जग पुढं केला. मी चूळ भरतेय, भरतेय... जग संपला.

संपलं म्हटलं सगळं. साचा गेला, इज्जत गेली. पडेल चेहऱ्यानं संगीताला कोरा नमुना दिला आणि खरं काम सांगितलं. तिनं भीत भीत दाढेत फिरवला. बाहेर आली अख्खी मेथीची काडी! तिनं ती उजेडात धरली.

"अय्या! हे याच्यासाठी पण चालतं?"

"याच्यासाठीच आहे गं!"

रहीमभाईंनी ती मूठ हातात फिरवून पाहिली.

"साचा करतो," ते म्हणाले. "मगर मुठीवर लिहायचं: दात, तोंडातले."

उडतच घरी आले. सासूबाईंना सगळा किस्सा सांगितला, आणि जेवणानंतर कोरा नमुना त्यांच्या हातात दिला. आखडलेल्या बोटांत मूठ अशी बसली म्हणता! सगळे दात झाले. रक्ताचा थेंब नाही.

"कसं वाटलं, आई?"

त्यांनी शांतपणे बांगडीतली पिन काढली आणि फणीशेजारी ठेवली.

"बरं हाय. ही पिन आता कंगव्याला. तू तेवढी तोंडात घालू नको."